खंडेनवमीला धुतलेली नऊ विमानं

हे सांगायचं म्हणजे आधी मलाच दोन घोट चहा लागेल. बसा निवांत. हसायचं असेल तर शेवटी हसा. मधे हसलात तर मी तिथेच थांबेन, कारण मधला भाग माझा मलाच अजून पेलत नाही.

तर, मी नऊ विमानं पाडली आहेत.

नऊच्या नऊ एकाच दुपारी, कुरवंड्याला, आत्याच्या अंगणात. शस्त्र काय वापरलं म्हणाल, तर कोमट पाणी आणि धुण्याची पावडर.

विमानं प्लास्टिकची होती, वीतभर लांबीची, हे ऐकून तुम्ही सुटकेचा निःश्वास टाकला असेल. टाकू नका. खरं विमान पडलं तर निदान चौकशी समिती बसते. माझ्यासमोर फक्त हमीदचाचा बसले होते, आणि ते काहीच बोलत नव्हते.

आधी माझी ओळख करून देते, म्हणजे पुढचा गाढवपणा नीट समजेल. वडिलांची नोकरी फिरतीची, त्यामुळे माझी शाळा लांब, पार हिमालयाच्या पायथ्याशी, होस्टेलात. पुढे शिक्षणशास्त्र शिकायला गेले ती त्याहून लांब, समुद्रापलीकडे. तिथल्या थंडीत खिडकीपाशी बसून मी ठरवलं की आपण परत जायचं. पुण्यात नाही, मुंबईत नाही, थेट कुरवंड्याला, जिथे आमचं घर आहे आणि आत्या एकटी राहते. गावच्या शाळेतल्या मुलांना पुस्तकातून नाही, हातांनी करून शिकवायचं. 'हात विसरलेली पिढी' या विषयावर मी तिकडे एक लांबलचक निबंधही लिहिला होता. त्याला चांगले गुण मिळाले होते, हेही सांगून टाकते.

आत्याला हे सगळं मी पहिल्याच संध्याकाळी समजावून सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्या पोरांना हातानं काम शिकवाया तू इतक्या लांबनं आलीस व्हय? अगं, सकाळी गोठा झाडून, गाई पिळून मग साळंत येत्यात ती."

पण मी भारावलेली होते. भारावलेल्या माणसाला ऐकू जरा कमीच येतं.

आता हमीदचाचा. लोणावळ्याच्या बाजारात, एका बोळात, त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. ते वडिलांचे शाळेतले मित्र. सुट्टीत गावी आलो की वडील मला तिथे न्यायचे. दोघं गप्पा मारत बसायचे आणि मी एका कपाटाच्या काचेला नाक लावून उभी राहायचे. घड्याळाच्या दुकानातलं कपाट, पण आत घड्याळं नव्हती. विमानं होती. दोन मजली पंखांची, चार इंजिनांची, शार्कमाशासारख्या तोंडाची, एक तर पाण्यावर उतरणारं, पायांत होड्या घातलेलं.

ती आली कुठून? लोणावळ्याच्या बंगल्यांवर मुंबईची माणसं मे महिन्यात आणि दिवाळीत यायची. बंगल्यांमधली लंबकाची मोठी घड्याळं एरवी बंद पडून असायची, ती चालू करायला चाचांना बोलावणं जायचं. त्या घरांतल्या मुलांना कुणी मामा, कुणी काका परदेशातून विमानाचे डबे आणून द्यायचे. डब्यावर ढगांतून झेपावणारं झोकदार विमान. आणि डबा उघडला की आत काय? करड्या प्लास्टिकच्या चौकटी, आणि त्यांना देठांनी लटकलेले शेसव्वाशे बारीक बारीक भाग! एकेक भाग देठापासून सोडवायचा, कडा घासायच्या, ट्यूबमधल्या उग्र वासाच्या गोंदानं चिकटवायचा, सुकेपर्यंत श्वास रोखून धरायचा. मुलं दोन दिवस उत्साहानं बसायची. तिसऱ्या दिवशी बोटाला बोट चिकटलं की डबा पलंगाखाली. सुट्टी संपताना बाईसाहेब म्हणायच्या, हमीद, जाताना तेवढा हा कचरा घेऊन जा.

चाचा तो कचरा सायकलला बांधून आणायचे. त्यात काहीतरी हरवलेलं असायचंच. मग घड्याळजीचं डोकं चालायचं. एका विमानाची चाकं बायकी मनगटी घड्याळातल्या चक्रांची होती. एकाचा पंखा टूथपेस्टच्या जुन्या ट्यूबचा पत्रा कापून केलेला. पाण्यावरच्या विमानाची एक होडी मूळची, दुसरी बांबूची, आणि त्यातली मूळची कुठली ते चाचांनी मला कधी सांगितलं नाही. मी शहाण्यासारखी वागले असेन तर एखादं विमान माझ्या नाकासमोर धरून ते म्हणायचे, फुंकर मार. मी फुंकायचे, पंखा गरगर फिरायचा आणि गोंदाचा आणि घड्याळाच्या तेलाचा असा एक मिसळलेला वास यायचा. होस्टेलात रडू यायचं तेव्हा आईच्या हातच्या वरणभाताच्या आधी मला तो वास आठवायचा. हे आईला सांगू नका.

परत आले तेव्हा बोळातल्या दुकानात दुसरंच कुणीतरी मोबाइलची कव्हरं विकत होतं. चाचा घरीच असतात आता. सकीनाचाची तीन वर्षांपूर्वी गेल्या. चाचांचे हात थरथरतात, त्यामुळे बारीक काम सुटलं. कपाट मात्र बैठकीच्या खोलीत आहे, जसंच्या तसं.

मी ते पाहिलं आणि तिथल्या तिथे ठरवलं. शाळेत प्रदर्शन भरवायचं. नऊ विमानं, टाकाऊतून उभी केलेली, आणि ती करणारा माणूस स्वतः मुलांशी बोलायला. माझ्या सगळ्या निबंधाचं मूर्तिमंत उदाहरणच की हो हे!

चाचा नाही म्हणाले. दुसऱ्या खेपेलाही नाही म्हणाले. तिसऱ्या खेपेला मी त्यांना निबंधातला एक परिच्छेद भाषांतर करून ऐकवला, बहुधा दुसरा ऐकावा लागू नये म्हणून ते उठले आणि त्यांनी कपाटाची किल्ली काढली. किल्ली कुलपात घातली.

"सकीना गेल्यापासून हे उघडलं नाही, बेटा," ते म्हणाले. "पंखाला धरायचं नाही, पोटाला धरायचं. आणि जशी नेतेस तशी आण."

जशी नेतेस तशी आण. चार शब्दांची अट. यात न समजण्यासारखं काय आहे, सांगा तुम्ही.

चिक्कीच्या रिकाम्या खोक्यांमध्ये कापूस घालून त्यांनी एकेक विमान स्वतः ठेवलं. प्रदर्शन दसऱ्यानंतरच्या शनिवारी होतं. चाचा स्वतः येणार होते. मी खोकी घेऊन रिक्षानं कुरवंड्याला आले ती दोन्ही हातांनी खोकी धरून, प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्याला सूचना देत. त्यानं शेवटी मागे वळून विचारलं की ताई, आत बाळंतीण आहे का.

घरी येऊन खोकी उघडली. इतक्या जवळून मी ती विमानं लहानपणानंतर प्रथमच पाहत होते, आणि मला दिसलं की ती मळलेली आहेत. धूळ नव्हे, मळ. काळे ओघळ. इंजिनांच्या मागे, पंखांच्या खाली, पोटावर. मला काय वाटलं असेल? बिचारे चाचा, एकटे, घरात स्वयंपाकाचा धूर, पुसायला कुणी नाही. माझं मन भरून आलं. आणि माझं मन भरून आलं की मी काहीतरी करायला जाते, आणि तिथेच सगळं बिघडतं.

लगेच नाही बिघडलं. मधे आली खंडेनवमी.

तुमच्याकडेही करत असाल. वर्षभर ज्यानं ज्यानं आपल्यासाठी काम केलं, ते सगळं दसऱ्याच्या आदल्या दिवशी धुवायचं, पुसायचं, मांडायचं, त्याची पूजा करायची. आत्यानं सकाळपासून अंगणात संसार काढला होता. कोयता, विळे, कुदळ, पहार, शिवणयंत्र, मिक्सर, अगदी पोराबाळांना दटावायची छडीसुद्धा. समोरच्या घरी ट्रॅक्टरला पाइपनं आंघोळ चालली होती. त्यांच्या शेजारी पर्यटकांना फिरवणारी जीप फेसानं पांढरी झाली होती. सगळ्या गावाला ओल्या मातीचा आणि झेंडूचा वास.

परत आल्यापासूनचा हा माझा पहिलाच दसरा. होस्टेलात असताना या दिवशी आम्ही फार तर पेन्सिलीला टोक करायचो. मी ओसरीत उभी राहून डोळे पुसत होते, तर आत्या म्हणाली, "आन् तुजी इमानं? ती बी वाहनंच की. आन हितं. फडक्यानं पुसून घे, हळदीकुंकू लावू."

फडक्यानं. ऐका हं, आत्या फडक्यानं म्हणाली होती. तिच्यावर मी काहीही ढकलणार नाही.

मीच म्हटलं, की समोर ट्रॅक्टरला आंघोळ, जीपला आंघोळ, आणि माझ्या विमानांना नुसतं फडकं? परंपरा पाळायची तर पुरती पाळायची. शिवाय चाचा शनिवारी येतील, विमानं लख्ख पाहतील, त्यांच्या चेहऱ्यावर काय आनंद उमटेल! तो चेहरा मी डोळ्यांपुढे आणला आणि घमेल्यात कोमट पाणी ओतलं.

पहिलं विमान बुडवलं, जुन्या टूथब्रशनं हलकेच घासलं. पाणी काळं झालं. आणि करड्या कळकटातून अशी काही चंदेरी अंगकांती बाहेर आली की मी आत्याला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, बरं निगालं की. मग काय विचारता! दुसरं, तिसरं, चौथं. मी गुणगुणत होते. त्या ओघळांपैकी काही तर इतके चिवट होते की पावडर थेट ब्रशवर घ्यावी लागली. एका पंखाखाली एक काळा ठसा होता, तो काढायला मला पाच मिनिटं लागली. काढला. चिकाटी हा माझा गुणच आहे.

सहावं विमान घासताना पाण्यावर एक गोल चकती तरंगताना दिसली. बाहेरून निळी, आत पांढरी, मधोमध लाल. मला वाटलं आत्याची टिकली पडली.

मग दुसरी टिकली आली. मग एक काळा क्रॉस आला. मग अर्धा तारा, मग एक आकडा.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. विमानांच्या पंखांवर जी देशादेशांची चिन्हं असतात ना, ती या खेळण्यांत रंगवलेली नसतात. ती बारीक चित्रं पाण्यात भिजवून, कागदावरून सोडवून चिकटवायची असतात. पाण्यात भिजली की सुटतात, हाच त्यांचा धर्म. चाळीस वर्षं कोरडी राहिलेली ती चित्रं बिचारी आपला धर्म पाळत होती. आत्याच्या घमेल्यात दुसरं महायुद्ध तरंगत होतं.

मी स्वयंपाकघरातून चहाची गाळणी आणली आणि एकेक देश गाळून काढला. काही अख्खे निघाले, काहींची फाळणी झाली. एवढ्यात शार्कतोंड्या विमानाचा डावा पंख, ज्याला मी पंखालाच धरलं होतं हे तुम्ही ओळखलंच असेल, माझ्या हातात राहिला आणि उरलेलं विमान पाण्यात गेलं.

आता कोणतं चित्र कोणत्या विमानाचं? फोटो काढले असतील, म्हणाल. नव्हते. मी तत्त्वानं फोटो काढत नाही. वस्तू डोळ्यांनी पाहावी, मनात साठवावी, असं माझं मत होतं. 'होतं' हे लक्षात घ्या.

मनात काहीही साठलेलं नव्हतं. चिकटवायला गोंदही नव्हता. होता तो इंद्रायणीचा भात. आपल्या मावळातला हा तांदूळ किती चिकट, ते सांगायला नको. चार शितं बोटानं चुरडली आणि देशांचं वाटप सुरू केलं, निव्वळ अंदाजानं. लाल रंग कुणाला शोभतो, क्रॉस कुठे भारदस्त दिसतो, असं बघत. माणसं पक्ष बदलायला निदान निवडणुकीची वाट पाहतात. माझ्या विमानांनी चार वाजायच्या आत बदलले होते. मग आत्या ताम्हन घेऊन आली आणि प्रत्येकाच्या नाकावर हळदीकुंकवाचं बोट टेकवलं. पांढऱ्या विमानावरची हळद तिथे बसली ती बसलीच.

शनिवारपर्यंत मला चित्रांची धास्ती होती. मनातल्या मनात मी माफीचं भाषणही तयार केलं होतं. पण त्याबरोबर एक समाधानही होतं. चित्रं इकडची तिकडं झाली असतील, पण विमानं स्वच्छ तर आहेत!

शनिवारी चाचा लवकर आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, वर टोपी, हातात काठी. मुलं अजून बाहेर रांगेत होती. वर्गात बाकांवर पांढरं कापड टाकून मी विमानं मांडली होती. चाचांनी चष्मा पुसला आणि पहिलं विमान उचललं. पोटाला धरून.

बराच वेळ त्यांनी ते पाहिलं. मग म्हणाले, "हे तर स्पिटफायर. इंग्रजांचं."

"हो चाचा."

"मग जर्मनांकडे कधी गेलं?"

मी सगळं सांगितलं. खंडेनवमी, घमेलं, गाळणी, भात. ऐकता ऐकता त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मला कळलं की ते हसताहेत. भाताचं ऐकून तर त्यांनी चष्माच काढला. माझा जीव भांड्यात पडला. चित्रं परत सोडवता येतील, पंख जोडता येईल, म्हणाले, बंगल्यावरून आली तेव्हा याहून वाईट अवस्थेत होती. आता मुलांना आत घ्यावं असं मला वाटत होतं, तोवर त्यांनी विमान उलटं केलं.

अंगठ्यानं ते पंखाखाली काहीतरी शोधत होते. मग दुसरं विमान उलटं केलं. मग तिसरं.

"काळं कुठं गेलं?" त्यांनी विचारलं.

आणि मी, देवा, मी अभिमानानं म्हणाले, "ते सगळं मी काढलं चाचा. घासून घासून. एवढासुद्धा मळ ठेवला नाही."

चाचा बाकावर बसले. बाहेर मुलांचा गलका चालू होता. तेच ते, सुरुवातीला सांगितलं ते, समोर चाचा आणि काहीच बोलत नाहीत.

"मी फक्त जोडायचो," शेवटी ते म्हणाले. "जोडून झालं की सकीनाला दाखवायचो. ती म्हणायची, हे तर दुकानातलं दिसतंय, ह्यानं कुठं काम केलंय? काम केलेलं अंग असं असतं का? डोळ्यात घालायला काजळ घरीच धरायची ती. चुलीवर भाकरी असायची, तशीच मधून उठून यायची, हात पदराला पुसायची, आणि काजळाचं बोट एकदाच असं ओढायची. इंजिनापासनं मागं, शेपटीकडं. खरं विमान धूर सोडतं ना, तसं. मग लगेच भाकरी उलटायला परत. मला कधी तसं ओढता आलं नाही." त्यांनी हातातलं विमान पुन्हा उलटं केलं. "ह्याच्या पंखाखाली तिच्या बोटाचा ठसा होता."

पाच मिनिटं लागलेला तो.

माझ्याकडे एरवी कुठल्याही प्रसंगाला एक परिच्छेद तयार असतो. त्या दिवशी एक शब्द नव्हता. आणि तेवढ्यात दार उघडलं आणि मुलं आत आली.

चाचा त्यांच्याशी तासभर बोलले. किती छान बोलले! चौकटीला लटकलेले भाग, बंगल्यावरची घड्याळं, ट्यूबच्या पत्र्याचा पंखा. मुलींपैकी एकीनं विचारलं की आजोबा, एवढी जुनी विमानं इतकी चकचकीत कशी. मी भिंतीकडे बघायला लागले. चाचा म्हणाले, दसरा झाला ना परवा, आंघोळ करून आलीत. माझं नावसुद्धा घेतलं नाही त्यांनी. जाताना चहाला थांबले नाहीत. नऊ खोकी मांडीवर घेऊन जीपमध्ये बसले आणि गेले.

मग पंधरा दिवस त्यांनी माझा फोन घेतला नाही.

मी रोज करायचे. आत्या रोज बघायची. एका सकाळी ती म्हणाली, "फोनवर काय म्हनशील त्यास्नी? माफ करा? माफीनं काळं लागतं व्हय? ऊठ. काजळ धराया शिकवते तुला."

एरंडेलाचा दिवा, त्याच्यावर पालथी घातलेली तांब्याची ताटली, दोन बोटं उंचीवर. ज्योत मोठी झाली तर काजळी जाडी पडते, लहान झाली तर पडतच नाही. मग ती खरवडून तुपात खलायची. पहिल्या दिवशी मी ताटलीऐवजी छपराला काजळ धरलं. दुसऱ्या दिवशी खरवडताना शिंकले, आणि आत्याची गाय दोन दिवस माझ्या जवळ आली नाही. तिसऱ्या दिवशी डबीभर झालं. हात विसरलेली पिढी, म्हणतात ना, ती मला घरातच सापडली.

डबी घेऊन लोणावळ्याला गेले. चाचांनी दार अर्धंच उघडलं. मी काही बोलले नाही, डबी पुढे केली. त्यांनी झाकण काढलं, हुंगलं, बोटाच्या टोकावर जरासं घेऊन अंगठ्यानं चोळून पाहिलं.

"तूप जास्त झालंय," ते म्हणाले. आणि दार पूर्ण उघडलं.

तेव्हापासून दर रविवारी मी त्यांच्याकडे जाते आहे. आधी आम्ही देश आपापल्या जागी नेले. चाचांना सगळी चिन्हं तोंडपाठ, थरथरतात ते फक्त हात. त्यामुळे बोट माझं आणि डोळे त्यांचे, अशी भागीदारी ठरली. पंख जोडला. फुटलेले तारे जुळवले. पांढऱ्या विमानावरची हळद निघाली नाही. चाचा म्हणाले राहू दे, लग्नाचं वऱ्हाड नेऊन आलंय असं सांगू.

आणि मग मळवणं. धुवायला दोन तास लागले होते, मळवायला दोन महिने झाले तरी एक जमत नव्हतं. मी ओघळ ओढायचे, चाचा विमान खिडकीपाशी नेऊन बघायचे आणि परत आणून ठेवायचे.

"रांगोळी काढलीस."

मी पुसून पुन्हा ओढायचे.

"दोन्ही पंखांवर सारखंच? धूर काय मोजून सोडतं का विमान?"

पुन्हा पुसायचे. मी खऱ्या विमानांच्या धुरावर वाचन केलं. वहीत आकृत्या काढल्या. वारा, वेग, कोन, सगळं. चाचांनी वही पाहिली आणि परत दिली. म्हणाले, हुशार आहेस तू. पण हे लावलेलं दिसतं, लागलेलं दिसत नाही. सकीना विचार करायची नाही, तिची भाकरी करपत असायची.

आता मला सांगा, याचं काय शिक्षण घ्यायचं? कुठल्या विद्यापीठात?

गेल्या रविवारची गोष्ट. सकाळपासून चार ओघळ नापास झाले होते. चाचांच्या तोंडावरही थकवा दिसत होता. ते म्हणाले, राहू दे बेटा, नाही होणार ते, माणूस गेला की त्याचा हात जातो. मला फार वाईट वाटलं. मी बाजारातून वडे आणले, गरमागरम. म्हटलं निदान खाऊन तरी घेऊ. डाव्या हातात वडा, आणि उजव्या हातात, ठेवायचं राहून गेलं म्हणून, ते स्पिटफायर. मी वडिलांनी फोनवर सांगितलेली काहीतरी गंमत चाचांना सांगत होते. तेवढ्यात वड्यातली मिरची चावली. मी हाश्शहुश्श करत वडा ताटलीत टाकला, पाणी शोधायला लागले, विमान या हातातून त्या हातात केलं आणि टेबलावर ठेवलं.

पाणी पिऊन बघते तर चाचांनी विमान उचललेलं. खिडकीपाशी उभे होते. उजेडात धरलं होतं, पोटाला धरून, आणि हलत नव्हते. पंखाखाली, इंजिनापासून मागे शेपटीकडे, एक काळा तेलकट ओघळ गेला होता. काजळाच्या बोटाला वड्याचं तेल लागलं असणार. एका बाजूला जाड, पुढे विरत गेलेला, आणि टोकाला अंगठ्याचा अर्धा ठसा.

"हा डाग..." चाचा म्हणाले. त्यांचा आवाज जरा वेगळाच लागला होता.

"अरे देवा, सॉरी चाचा," मी म्हटलं आणि झटकन पुढे होऊन ओढणीच्या टोकानं तो पुसून टाकला. स्वच्छ. एका फटक्यात.

चाचांनी विमानाकडे पाहिलं. मग माझ्या ओढणीकडे पाहिलं. मग हळूच खुर्चीत बसले.

"दोन महिन्यांत पहिल्यांदा," ते म्हणाले, "अगदी तिच्यासारखा पडला होता."

मला वाटलं, संपलं, आता दार पुन्हा बंद. पण चाचांचे खांदे हलत होते. त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, कितीतरी वेळ पुसत राहिले. मग विमान माझ्या उजव्या हातात दिलं आणि ताटली माझ्याकडे सरकवली.

"घे," ते म्हणाले. "आता दुसरा वडा खा."